आत्ता नको, संध्याकाळी सांगा

इंदूताई पाटकरांचं कौतुक करायचं तर घड्याळ बघून करावं लागायचं. सकाळी दहाला एखाद्या गिऱ्हाइकाने त्यांच्या हातचा स्वेटर अंगात चढवला, आरशासमोर उभा राहून "वा, काय फिटिंग आहे!" म्हणाला, की ताई ट्रॅफिक हवालदारासारखा हात वर करायच्या. "आत्ता नको. घालून फिरा, जेवा, खाली वाका, रिक्षात बसा. संध्याकाळी सांगा." माणूस हिरमुसायचा. घरी गेल्यावर बहुतेक जण सांगायचं विसरूनही जायचे. ताई विसरायच्या नाहीत. साडेसहाला त्याच फोन लावायच्या. "पाटकर बोलतेय, कोलशेतहून. काखेत काचतंय का?" एकदा हा प्रश्न त्यांनी एका बँकेच्या मॅनेजरला भर मीटिंगमध्ये विचारला होता. त्याने दबक्या आवाजात "नाही, छान मोकळं आहे" असं उत्तर दिलं आणि ताईंनी समाधानाने फोन ठेवला. त्या मीटिंगमधल्या बाकीच्यांना काय वाटलं असेल याची चिंता त्यांनी केली नाही.

कोलशेतला खाडीच्या बाजूला उतरणाऱ्या रस्त्यावर एका औद्योगिक गाळ्यात आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे पराग सर, म्हणजे मालक, दोन विणायची मशिनं, इंदूताई, पॅकिंगच्या दोघीजणी आणि मी. दारावर निळा बोर्ड होता, 'एकच नग, फक्त तुमच्यासाठी.' गिऱ्हाइकाने मोबाइलवर आपली मापं भरायची, रंग आणि नक्षी निवडायची. माझं सॉफ्टवेअर त्यावरून कुठल्या ओळीत किती टाके हे ठरवून एक फाइल बनवायचं, आणि ती फाइल घेऊन मशीन त्या एका माणसासाठी एक स्वेटर विणायचं. निदान कल्पना तशी होती. प्रत्यक्षात फाइल आणि मशीन यांच्या मध्ये इंदूताई उभ्या असायच्या.

उभ्याच असायच्या. आठ तासांत मी त्यांना बसलेलं बघितलं नाही. बुटका बांधा, सुती साडी, आणि साडीला मशीनचं तेल लागू नये म्हणून वरून नवऱ्याचा जुना निळा शर्ट. शर्टाच्या खिशात क्रोशाची सुई, गळलेला टाका उचलायला. हातात कायम काहीतरी. मशीन चालू असलं की त्या दुसऱ्या कुणाची तरी कॉलर हाताने जोडत असत, काहीच नसलं तर उरलेल्या सुताचा गुंडा करत असत. दोन्ही मशिनं पलंगाएवढी लांब होती. खिडकीकडची ती धाकटी आणि दाराकडची थोरली. थोरली शहाणी, धाकटी तिरसट, असं ताईंचं मत होतं. टाका गळला की मशीनचा दिवा लागतो, पण दिवा लागायच्या आधीच ताई चालत निघालेल्या असायच्या. आवाजावरून कळतं म्हणायच्या. मी कान देऊन ऐकायचा खूप प्रयत्न केला, मला शेवटपर्यंत फक्त खडखड ऐकू आली.

ताई मूळच्या मालवणकडच्या, पण सगळा संसार डोंबिवलीत. त्यांच्या तरुणपणी डोंबिवलीतल्या बऱ्याच बायका घरी हाताने ओढायचं विणायचं मशीन ठेवायच्या. ताईंचं मशीन जेवणाच्या टेबलावर असायचं. घरची माणसं जमिनीवर जेवायची आणि टेबलावर स्वेटर व्हायचा. डोंबिवलीत थंडी ती काय पडते, पण नाशिक-पुण्याच्या नातेवाइकांच्या जिवावर त्यांनी पंचवीस वर्षं स्वेटर विणले. त्या मशीनला नक्षीसाठी भोकं पाडलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड घालायला लागायचं. मी कामाला लागले त्या दिवशी पराग सरांनी मोठ्या अभिमानाने माझी ओळख करून दिली, की ही केतकी, हिने आपलं सगळं सॉफ्टवेअर लिहिलंय. ताईंनी माझ्या स्क्रीनवर गोल फिरणारं स्वेटरचं चित्र थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझंच कार्ड की गं हे. फक्त भोकं दिसत नाहीत."

मी इंजिनिअर. मला राग आला.

राग उतरायला आठवडा लागला. पहिली चाचणी म्हणून मी ताईंचीच मापं भरली. अकरा मापं, सगळी अचूक. थोरलीने चार तासांत सुती स्वेटर विणला, तो ताईंच्या अंगावर असा चपखल बसला की पॅकिंगच्या दोघींनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी हात वर केला. दुसऱ्या दिवशी त्या तोच स्वेटर धुऊन, वाळवून, घालून आल्या. बाह्या मनगट सोडून वर पळाल्या होत्या आणि खालची बॉर्डर कमरेला टेकतच नव्हती. तो तसला आखूड स्वेटर घालून त्या दिवसभर गाळ्यात वावरल्या, सूत घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यासमोरसुद्धा. माझ्याशी त्या विषयावर एक शब्द नाही. शेवटी पाच वाजता मीच म्हणाले, "ताई, काढा ना तो."

"काढते. पण मला एक सांग, कपडे धुतात हे तुझ्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलंय का?"

सांगितलं नव्हतं. तेव्हापासून नियम झाला. कुठलंही सूत आलं की आधी तळहाताएवढा नमुना विणायचा, तो धुवायचा, खिडकीच्या गजाला चिमट्याने लावून वाळवायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्यावरचे टाके मोजून मगच फाइल करायची. पराग सर कळवळायचे. "ताई, एक अख्खा दिवस जातो यात." ताई म्हणायच्या, "जाऊ दे. तो स्वेटर दहा वर्षं घालायचाय." आमच्या खिडकीला कायम रंगीबेरंगी चौकोन लटकलेले असायचे. समोरच्या गाळ्यातल्या लोकांची अशी समजूत होती की आम्ही चहाच्या कपाखाली ठेवायचे रुमाल बनवतो.

माझ्या फॉर्ममध्ये तेव्हा 'धुतल्यावर' नावाचा रकाना आला. पुढे 'बसल्यावर' हा रकाना आला तो ब्रूनोमुळे. ब्रूनो हा घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये सत्ताविसाव्या मजल्यावर राहणारा कुत्रा. त्याच्या मालकीणबाईंनी त्याच्या स्वेटरसाठी मापं भरली, रंग निवडला, सगळं रीतसर. ताईंनी फोन लावला. "कुत्र्याला घेऊन या."

"अहो, मेजरमेंट्स दिलीयेत ना सगळी."

"उभ्याची दिलीयेत. तो दिवसभर उभा असतो का?"

बाई गाडीतून ब्रूनोला घेऊन आल्या, वाटेत तासभर ट्रॅफिकमध्ये अडकून, भयंकर वैतागून. ताईंनी ब्रूनोला बसवलं, उठवलं, लोळवलं. ब्रूनो बसला की त्याचं पोट चांगलं चार बोटं बाहेर येत होतं. "बघा," ताई बाईंना म्हणाल्या, "तुमचा मुलगा बसल्यावर वेगळा आहे." बाईंनी वाद घातला नाही. त्या संध्याकाळी साडेसहाचा फोन मी स्वतः ऐकलाय. ताई अगदी गंभीरपणे विचारत होत्या, "खाली बसताना कुरकुरतो का?"

या सगळ्यावर आम्ही हसायचो. मी तर ताईंची नक्कलही करायचे, हात वर करून. दत्ताराम आला तोवर.

गणपती जाऊन आठवडा झाला असेल. ताई रोज डोंबिवलीहून माणकोलीच्या नव्या पुलावरून शेअर गाडीने यायच्या. त्या दिवशी त्यांच्याबरोबर पन्नाशीचा एक गृहस्थ होता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केसांचा भांग पट्टी लावून काढल्यासारखा सरळ. "हा दत्ताराम," ताई म्हणाल्या. "आमच्या इथे याचं सलून आहे. याला मोजा हवाय. एकच." दत्ताराम स्टुलावर बसला, पँटचा पाय गुडघ्यापर्यंत दुमडला, आणि गुडघ्याखालचा नकली पाय काढून माझ्या कीबोर्डशेजारी टेबलावर ठेवला. मी घाईघाईने स्क्रीनकडे बघायला लागले. ताई मात्र खाली वाकून त्या उरलेल्या पायाकडे बघत होत्या, बाहीकडे बघतात तशा, कुठे रुंद आहे, कुठे उतरता आहे, असं.

दोन वर्षांपूर्वी एका ट्रकने दत्तारामची बाइक उडवली होती. नकली पाय चांगला होता, त्याची तक्रार नव्हती. पण तो पाय आणि अंगाची कातडी यांच्या मध्ये एक मोजा घालावा लागतो, आणि बाजारातल्या मोजाला टोकाशी शिवण असते. तासन् तास उभं राहिलं की ती शिवण मांसात रुतायची, फोड यायचा. दोन तास काम केलं की तासभर पाय काढून बसायचं, असं चाललं होतं.

"बसून नाही का करता येणार?" मी विचारलं.

"बसून कसं होणार, मॅडम? स्टूल घेऊन बघितलेलं. गिऱ्हाइकाचा कान दिसतो, टाळू दिसत नाही. आणि खुर्चीभोवती फिरायला तर लागतंच." मग तो ताईंकडे वळला. "शेजारच्या मोबाइलवाल्याने गाळा मागितलाय, वहिनी. मी त्याला दिवाळीनंतर सांगतो म्हणालोय. दिवाळीची गर्दी उभ्याने काढली तर दुकान माझं. नाही जमलं तर त्याला चावी देऊन मोकळा. तीस वर्षं झाली, आता दुसरं काय येतंय मला?"

दिवाळीला महिना-सव्वा महिना होता. आमचाही तोच हंगाम. थंडीच्या स्वेटरांच्या ऑर्डरी लागलेल्या, दोन्ही मशिनांना उसंत नाही. पराग सर वाईट माणूस नव्हे, पण ते म्हणाले, "ताई, आपण स्वेटरवाले. एका मोजासाठी पंधरा ट्रायल होतील. हे आपलं काम नाही." ताईंनी त्यांचं मनगट धरलं, त्यांना दाराबाहेर नेलं आणि बोर्ड मोठ्याने वाचून दाखवला. "एकच नग, फक्त तुमच्यासाठी. यात स्वेटर कुठे लिहिलंय?" सर हसले. जेवणाच्या सुट्टीत धाकटी वापरा म्हणाले. त्या दिवसापासून ताई एका हाताने डबा खात आणि दुसरा हात मशीनवर ठेवून उभ्या राहू लागल्या.

आमच्या मशिनात सुयांच्या समोरासमोर दोन रांगा असतात. सूत पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत असं गोल गोल फिरवलं की शिवणीशिवाय नळी विणली जाते. टोक तेवढं उघडं राहतं. ते ताई क्रोशाच्या सुईने एकेक टाका दुसऱ्यात ओवून मिटवायच्या, आणि मग त्यावरून जीभ फिरवायच्या. बोटांना न कळणारी गाठ जिभेला कळते म्हणे.

पहिला मोजा सकाळी दहाला दत्तारामने चढवला, पाय बसवला, गाळ्यात चार फेऱ्या मारल्या. "वहिनी, लोण्यासारखं!" ताईंनी हात वर केला. संध्याकाळी साडेसहाला फोन केला तर फोड आला होता. दुसरा मोजा जरा सैल केला. सकाळी लोणी, संध्याकाळी फोड. तिसरा जाड सुताचा. तेच. चौथ्या वेळी मी सगळे आकडे पुन्हा तपासले, टाके मोजले, धुतल्यानंतरचे मोजले. कुठेही चूक नव्हती, आणि मी ते बोलूनही दाखवलं. "सॉफ्टवेअर बरोबर आहे, ताई."

"बरोबरच असेल गं. पण तो उभा राहत नाहीये."

असं म्हणून त्यांनी डबा न उघडताच पिशवीत ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं बघत होते. माझं सॉफ्टवेअर बरोबर असण्याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटत होता, हे आज लिहायला लाज वाटते. निघताना माझ्या टेबलापाशी आल्या. "उद्या सुट्टी टाक. आपल्याला दत्तारामच्या दुकानात बसायचंय. दिवसभर."

डोंबिवली पूर्वेला बाजाराच्या आतल्या गल्लीत ते सलून. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आरशावर गजानन महाराजांचा फोटो आणि त्याला रोजचा ताजा हार. दुसऱ्या खुर्चीवर जुनी वर्तमानपत्रं रचलेली, कारण तिथला कारागीर अपघातानंतर सोडून गेला होता. आम्ही सकाळी नऊला जाऊन बाकड्यावर बसलो, ताई सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन, मी लॅपटॉप घेऊन. पहिलं गिऱ्हाईक आत डोकावलं, बाकड्यावर दोन बायका बघून "सॉरी, सॉरी" म्हणत मागे फिरलं. दुसरं आलं, त्याने बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचली. अर्धी दाढी झालेला एक तरुण आमच्याकडे आरशातून असा बघत होता की जणू त्याची परीक्षा आहे. तासाभराने दत्तारामच हात जोडून म्हणाला, "वहिनी, दिवाळीची वाट कशाला बघायची? माझं दुकान तुम्ही आजच बंद करताय."

"तू तुझं काम कर रे."

मग एक पेन्शनर आजोबा आले. "अरे, पाटकर वहिनी! इकडे कुठे?"

"मोजा बिघडलाय. तो कुठे बिघडतो ते बघतेय," ताई सुयांवरून नजर न काढता म्हणाल्या. आजोबांना यात काहीच वावगं वाटलं नाही. ते बाकड्यावर बसले, गल्लीतल्या पाणीपुरवठ्याबद्दल बोलायला लागले, आणि त्यांना बसलेलं बघून बाकीचीही गिऱ्हाइकं यायला लागली.

बारापर्यंत दत्ताराम तुरुतुरु फिरत होता. एकला तो खुर्चीच्या दांड्यावर हात टेकायला लागला. दोनला एका गिऱ्हाइकाची मान कापडाने पुसताना त्याने मिनिटभर डोळे मिटले. ताईंचे हात विणत होते, पण डोळे त्याच्या पायावरून हलत नव्हते. तीनला तो "आलोच" म्हणून मागच्या पडद्याआड गेला. ताई उठल्या आणि सरळ जाऊन पडदा बाजूला केला. मीही मागोमाग गेले. दत्ताराम एका पायावर उभा होता, भिंतीला खांदा टेकवून, आणि हातातला रुमाल घडी करून नकली पायाच्या आत कोंबत होता.

"हे काय?"

"काही नाही, वहिनी. दुपारनंतर जरा सैल होतं. पाय आत खाली घसरतो. रुमाल घातला की बसतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. ज्यांनी पाय बसवला त्यांनी सांगितलेलं, दिवसभरात पाय बारीक होत जातो, तसा वरून अजून एक मोजा चढवा. पण ते बाजारचे मोजे, दोन चढवले की दोन शिवणी. त्यापेक्षा रुमाल बरा."

"आणि हे मला सांगायला काय झालं तुला?"

दत्तारामने मान खाली घातली. "तुम्ही माप सकाळी घेतलेलं. सकाळी खरंच बरोबर असतं. तुम्ही एवढ्या मायेने करताय, त्यात रोज रोज खोट कशी काढू?"

ताई तिथेच फरशीवर बसल्या. कापलेल्या केसांत, साडीची पर्वा न करता. टेप काढला आणि माप घेतलं. मग पाचला घेतलं, सातला घेतलं, आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एकाखाली एक लिहिलं. सकाळच्या आणि सातच्या मापात जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक होता. रुमालाची घडी त्याच जागेत होती आणि फोडही तिथेच. आमच्याकडचं एकूण एक माप सकाळी दहाचं. ताईंनी तो कागद माझ्यासमोर धरला आणि एकदम हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "संध्याकाळी सांगा, संध्याकाळी सांगा म्हणून सगळ्या ठाणे जिल्ह्याला पिडलं मी. आणि माप घेतलं सकाळी!"

त्या हात धुवायला मागे गेल्या तेव्हा दत्ताराम हळूच मला म्हणाला, "साहेबांचं तुम्हाला माहितीये ना?" मला माहीत नव्हतं. ताईंचे यजमान शेवटचं दीड वर्ष अंथरुणावर होते. दर रविवारी दत्ताराम दुकान तासभर बंद करून त्यांची दाढी करायला जायचा. "बोलता येत नव्हतं त्यांना. झालं की मी आरसा दाखवायचो, ते मान हलवायचे. गेले त्या दिवशीसुद्धा मीच केली, शेवटची. वहिनी म्हणाल्या, व्यवस्थित कर, घाई करू नको." तो वस्तरा पुसत राहिला. मी लॅपटॉप मिटला. ताईंच्या अंगावरचा तो निळा शर्ट मी वर्षभर बघत होते आणि कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

त्यानंतरचं काम आम्ही दोघींनी बरोबर केलं. एकाऐवजी तीन मोजे, तिन्ही बारीक सुताचे, तिन्ही बिनशिवणीचे. सकाळी एक घालायचा, दुपारी त्यावर दुसरा, संध्याकाळी तिसरा. प्रत्येकाचं माप वेगळं, कारण दुसरा हा नुसत्या पायावर बसायचा नाही, पहिल्यावर बसायचा. माझ्या फॉर्ममध्ये सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असे तीन रकाने आले. कुठला कितवा ते कळावं म्हणून ताईंनी वरच्या बॉर्डरला रंग दिले, पांढरा, पिवळा, लाल. दत्ताराम म्हणाला, सिग्नलच झाला की. ज्यांनी पाय बसवला होता त्यांच्याकडे ते मोजे घेऊन गेलो. त्यांनी आत बोट फिरवून बघितलं, दत्तारामला तासभर उभं करून बघितलं, आणि आणखी काही पेशंटसाठी असे करून द्याल का विचारलं. पराग सरही आमच्याबरोबर आले होते, शेजारीच उभे होते. "का नाही? आमच्या बोर्डवरच लिहिलंय," सर म्हणाले. ताईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण ओठ मुडपलेले मला दिसले.

पण दत्तारामची परीक्षा अजून व्हायची होती. साधा दिवस वेगळा आणि दिवाळीचा वेगळा. धनत्रयोदशीला सकाळी सातपासून सलूनमध्ये रांग लागते. त्या एका दिवसावर त्याचं दुकान टांगलेलं होतं, आणि ताईंना ते आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. योगायोग असा की कंपनीतला तोच त्यांचा शेवटचा दिवस. मुलीकडे नाशिकला जायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. "निदान स्वेटर घालायला थंडी तरी मिळेल," म्हणायच्या. सकाळी अकराला आम्ही गाळ्यात छोटा समारंभ ठेवला. नारळ, शाल. शाल बाजारची होती, ती त्यांनी उलटी करून शिवण बघितली. मग मी लिहून आणलेला कागद उघडला. ताईंकडून मी काय शिकले ते त्यात दीड पान होतं. "ताई, तुमच्यामुळे मला..." एवढं म्हणेपर्यंत हात वर झाला.

"आत्ता नको."

म्हणून संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर डोंबिवलीला गेले. कागद पर्समध्ये होता. गाडीतच साडेसहा वाजून गेले. नेहमीचा फोन ताईंनी केला नाही. पुलावर एकदा फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

ताई नंतर मला दिसल्या नाहीत असं नाही. आता त्या नाशिकहून व्हिडिओ कॉल करतात, नव्या मापांच्या रकान्यांवरून मला झापतात. पण त्यांची आठवण निघाली की मला त्या तिथेच दिसतात, त्या सलूनमध्ये, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सातला. गल्लीत आकाशकंदील लागले होते. दुकानाची रांग बाहेर पायरी उतरून शेजारच्या मोबाइलवाल्याच्या दारापर्यंत गेली होती. आत दत्ताराम उभा होता. कशाला टेकलेला नव्हता. एका बाजूने कात्री चालवत खुर्चीभोवती अर्धा फेरा घेत होता आणि पुन्हा मागे येत होता. आम्हाला बघून कुणीतरी बाकड्यावर जागा केली. ताई बसल्या. मांडीवर दोन्ही हात ठेवून, मागे भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या हातात सुया नव्हत्या, सूत नव्हतं, काहीही नव्हतं. असं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पर्समधला कागद मी बाहेर काढला नाही.

खुर्चीतल्या माणसाचं आटोपलं. दत्तारामने आरशातूनच ताईंकडे बघितलं, वाकला, आणि पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला. सर्वांत वर लाल बॉर्डर होती.

"वहिनी, झाली संध्याकाळ. सांगू का आता?"

"सांग," ताई म्हणाल्या.

दत्तारामने पांढरं कापड झटकलं, खुर्ची पुसली, आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने ओरडला, "चला, पुढचा कोण?"